अडकलेली सुई आणि अडकलेले गाणे : जुन्या नाशकातील एका दुकानाचा अनुभव

रविवार कारंजावरून सराफ बाजाराकडे जाणाऱ्या एका बोळात, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे आणि तबकड्यांवरील गाणी पेन ड्राइव्हवर भरून देणारे एक छोटे दुकान आहे. पाटीवर अजूनही टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर एवढाच उल्लेख असल्याने मी दोनदा त्याच्यासमोरून पुढे निघून गेले. वडिलांच्या अकरा तबकड्या आणि पेटीसारखा जुना प्लेअर घेऊन मी फेब्रुवारीत तेथे गेले होते. एक तबकडी सोडता काम पूर्ण होऊन आता दोन महिने झाले आहेत.

खरे तर माझे काम एकाच तबकडीपाशी अडले होते. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर असलेले ‘शुक्रतारा’ आमच्याकडे ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर होते. हे युगुलगीत आहे. आधी तो आपल्या मनातले सांगतो, मग ती त्याला उत्तर देते. आमच्या तबकडीवर मात्र तिचे कडवे सुरू होताच सुई अडकत असे. मिनिटाला ४५ फेऱ्या म्हणजे एका फेरीला सव्वा सेकंदाहून जरासा जास्त वेळ. तेवढाच तुकडा वाजत राही आणि मग वडील उठून, सुई अलगद उचलून, सरळ पुढच्या गाण्यावर ठेवत. रेडिओवर हे गाणे असंख्य वेळा ऐकले, मोबाइलवरही आहे, तरी भाजी निवडताना किंवा बसची वाट पाहताना माझ्या डोक्यात घोळते ते आमच्या तबकडीवरचेच, त्याच जागी अडकणारे आणि तेथून पुढे न सरकणारे.

अर्धवट राहिलेले काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा अधिक लक्षात राहते, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये मांडले होते, आणि डोक्यात अडकलेल्या गाण्यावर उपाय म्हणून ते शेवटपर्यंत ऐकण्याचा सल्ला याच विचारातून दिला जातो. (ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये च्युइंगगम चघळण्याचाही उपाय सुचवला होता. तो मी करून पाहिला. गाणे थांबले नाही, जबडा मात्र दुखला.) तेव्हा आपली स्वतःची तबकडीच एकदा शेवटपर्यंत वाजवून घ्यावी, या हेतूने मी त्या दुकानाची पायरी चढले.

दुकानदार काका साठीच्या पुढचे आहेत आणि गिऱ्हाइकाचे बोलणे पूर्ण ऐकून घेतात. मी सुईच्या दांडीवर चिकटपट्टीने बसवलेले चार आण्याचे नाणे त्यांनी पाहिले आणि काही न बोलता काढून माझ्या हातात दिले. सुई उडू नये म्हणून अनेक घरांत असे वजन ठेवत असत. त्याने सुई आणि तबकडी दोन्ही लवकर झिजतात, हे त्यांनी नंतर समजावून सांगितले. मग डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावून त्यांनी ती तबकडी दिव्याखाली तिरपी धरली, ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडाने खाचांच्या दिशेने पुसली आणि लाकडी दातकोरणीचे टोक ओले करून एका ठिकाणी फार हलकेच फिरवले. “रेघ नाही ताई, कचरा आहे,” ते म्हणाले. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, डिंकासारखा घट्ट झालेला एक कण खाचेत बसला होता, आणि इतकी वर्षे आम्ही त्यालाच ओरखडा समजत होतो.

ध्वनिमुद्रणाचा दर्जा हा या दुकानाचा सर्वांत मोठा गुण आहे. खरखर काढण्याच्या भरात गाण्याचा जीव काढून घेण्याची चूक काका करत नाहीत. मोठे टकटक आवाज तेवढे पुसतात आणि तबकडीचा मूळ श्वास तसाच ठेवतात. प्लेअरचा सैल झालेला रबरी पट्टा बदलल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. शांता शेळके यांचे शब्द असलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून स्वतःच गायलेले ‘तोच चंद्रमा नभात’ आमच्याकडे वर्षानुवर्षे संथ आणि उतरलेल्या पट्टीत वाजत होते. योग्य गतीने लागलेले तेच गाणे मला पहिल्या दिवशी परके वाटले, आणि डोक्यातले गाणे दुरुस्त व्हायला पुढे आठवडा गेला.

तक्रारीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला. मध्ये रंगपंचमी होती आणि रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जमिनीतील दगडी हौद, उघडल्या की जुन्या नाशकात कोणाकडूनही कामाची अपेक्षा करू नये हे मान्य, पण एक फोन करता आला असता. त्याहून त्रासदायक म्हणजे फाइलींची नावे. ती बहुधा दुकानातील मदतनीस मुलाने घाईत लिहिली असावीत. ‘आम्ही जातो अमुच्या गावा’ या १९७२ च्या चित्रपटातील ‘स्वप्नात रंगले मी’ हे आशा भोसले आणि सुधीर फडके यांचे गीत लता मंगेशकरांच्या नावावर पडले आहे, तर दोन गाण्यांना नुसते ‘ट्रॅक ७’ आणि ‘ट्रॅक ८’ म्हटले आहे. तबकडीच्या पोटावर सर्व माहिती छापलेली असताना हे होऊ नये. दर तबकडीच्या एका बाजूला १२० रुपये आहे. प्रत्येक बाजू तिच्या पूर्ण वेळेइतकीच वाजवावी लागते, हे पाहता मला तो महाग वाटला नाही.

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असणाऱ्यांनी आधी विचारून जावे. त्यांच्या खाचा रुंद असल्याने त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते आणि स्पिरिटने पुसल्यास त्या खराब होतात. काका ही कामे वेगळी ठेवतात आणि त्यांना वेळही अधिक घेतात.

घरी पेन ड्राइव्ह लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘शुक्रतारा’मधील तिचे कडवे सुरू झाले, नेहमीची जागा आली आणि गाणे तेथून पुढे गेले. आई शेवटपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, “तुझ्या बाबांनी तिला कधी बोलूच दिलं नाही.” माझ्या डोक्यातील तुकडा त्यानंतरही चार-पाच दिवस आला, मग विरळ झाला, आणि आता येते ते तिचे उत्तर. वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाची, जितेंद्र अभिषेकींच्या संगीताची एक तबकडी मात्र अद्याप दुकानातच आहे, ती पुढच्या बुधवारी मिळेल असे काकांनी सांगितले आहे, म्हणजे मी त्याच्या पुढच्या बुधवारी जाईन.