ऑफिसातला सर्व्हर की क्लाउड?

पुण्याजवळ भोसरीत मावसभावाचं वर्कशॉप आहे, जुना सर्व्हर बदलायचाय आणि नवा घ्यावा की क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर इंटरनेटवरून भाड्याने) जावं हेच त्याला ठरेना. सर्व्हरला एकदाच मोठी रक्कम, पण यूपीएसच्या बॅटऱ्या, एसी, दुरुस्ती मागे लागतेच. क्लाउडला दरमहा बिल, त्यात डेटा चढवायला सहसा पैसे नाहीत पण उतरवायला पडतात, हे आधी विचाराच. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की सर्व्हर बॅटरीवर किती तग धरणार? क्लाउड चालू राहतो, पण ऑफिसातले कॉम्प्युटर आणि राउटर बॅटरीवर चालायला हवेत, नेटची दुसरी लाइनही हवी. प्रायव्हेट लिमिटेडसारखी नोंदणीकृत कंपनी असेल तर २०२२ पासून हिशेबाचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर लागतो, क्लाउड घेताना मुंबईसारखं भारतातलं रीजन (डेटा जिथे ठेवला जातो ती जागा) निवडायचं. एकाच जागी टॅली, ठरलेलं काम असेल तर सर्व्हर बरा. शाखा दोन-तीन किंवा सीझनला काम दुप्पट होत असेल तर क्लाउडच घ्या.