स्विचग्रास लावायचंय? लोलँड आणि अपलँड यांत निवड करताना

अमेरिकेत थोडी जमीन आहे आणि तिच्यावर इथेनॉलसाठी किंवा जळणासाठी स्विचग्रास घ्यायचा विचार आहे, अशांसाठी हे लिहितोय. मूळचं हे प्रेअरीवरचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरचं रानगवत. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत आपोआप वाढत आलं, म्हणून त्याच्यात विविधताही अफाट. बियाणं घेताना मात्र मुख्य निवड दोन प्रकारांत असते.

लोलँड हा दक्षिणेतला, ओलसर सखल जमिनीचा प्रकार. टेक्सासचा अलामो आणि ओक्लाहोमाचा कॅनलो हे त्यातले नावाजलेले वाण. उंची तीन मीटरपर्यंत, काडी जाड, फुलोरा उशिरा आणि तांबेऱ्याचा त्रास कमी. अपलँड हा उत्तरेतला, बुटका आणि बारीक काडीचा, फुलतोही लवकर. पण कडक थंडी सोसतो. इलिनॉयचा केव्ह-इन-रॉक त्यातला.

नुसती टनांची तुलना केली तर लोलँड पुढे, आणि फसगत होते ती इथेच. दक्षिणेचं बियाणं उत्तरेत पेरलं की तिथल्या उन्हाळ्यातल्या लांब दिवसांमुळे फुलोरा लांबतो आणि गवत वाढतच राहतं. पहिल्या हंगामात शेत बघून मन भरतं. पण थंडी येईपर्यंत मुळांकडे अन्नाचा पुरेसा साठा गेलेला नसतो, आणि हिवाळ्यात ठोंबच मरतात. उलट उत्तरेचं बियाणं दक्षिणेत नेलं तर ते लवकर फुलून वाढ थांबवतं. म्हणून माझ्या मते उंचीपेक्षा वाण मुळात कोणत्या अक्षांशावरचा आहे, हे आधी विचारावं.

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शेकडो मूळ झाडांची रोपं टेक्सासपासून उत्तरेपर्यंतच्या दहा बागांत लावून पाहिली. त्यात गल्फ, मिडवेस्ट आणि अटलांटिक असे तीन जनुकीय गट दिसले. अटलांटिक गटात मिडवेस्टची काही जनुकं मिसळली होती आणि त्यांनी थंडीत तगायला मदत केली होती. निसर्गात आपसूक झालेला हा संकर मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

पैदासकारांनीही तेच केलं. अपलँड 'समर' आणि लोलँड 'कॅनलो' यांच्या संकरातून 'लिबर्टी' आला. दोन्ही पालक चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच (एकूण 36 गुणसूत्रं) असलेले, म्हणून तो जमला. बरेच अपलँड वाण अष्टगुणित, म्हणजे आठ संचांचे असतात, ते लोलँडशी सहज जुळत नाहीत. नेब्रास्काच्या आसपास जमीन असेल तर मी लिबर्टीच घेईन. टेक्सासमध्ये अलामो, डाकोटात अपलँड.

डाकोटा-नेब्रास्कातल्या शेतांवरच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेक्टरी 5.2 ते 11.1 टन उत्पन्न मिळालं. पूर्ण उत्पन्नाला साधारण तिसरं वर्ष उजाडतं. पहिल्या वर्षी तणच जास्त दिसेल. हे गवत परपरागित आहे, म्हणजे एका झाडाचं बी दुसऱ्या झाडाच्या परागाने धरतं, त्यामुळे एकाच पोत्यातल्या बियांची झाडंही सारखी निघणार नाहीत. आणि घोडे, शेळ्या किंवा मेंढ्या असतील तर त्यांना या शेतात सोडू नका. यातल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे त्यांच्या यकृताला इजा होते आणि उन्हाने कातडी भाजते.