रत्नागिरीतलं बालवाडी-शिक्षिकांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण: पाच दिवस जा, सहावा सोडा

मालगुंडच्या पुढे एका वाडीत मी चौदा वर्षं बालवाडी चालवते. पटावर एकोणीस पोरं, मदतीला एक मावशी, आणि वर्ग म्हणजे देवळाला लागून असलेली पडवी. मेच्या सुट्टीत रत्नागिरीला एका संस्थेचं ‘सर्वसमावेशक आणि खेळकर वर्ग’ या नावाचं प्रशिक्षण केलं. फी १८०० रुपये, दुपारचं जेवण त्यातच. आरे-वारे मार्गाने रोज एसटीने गेले-आले. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि माणसं मनाने वाईट नव्हती.

गेले ती तीन पोरांसाठी. एका मुलीला कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे, पण आपल्याकडच्या घामाने आणि दमट हवेने ते निम्मे दिवस बंदच. एक मुलगा गलका झाला की कान दाबून कोपऱ्यात बसतो. तिसरा नेपाळी. त्याचा बाप आंब्याच्या बागेत बारमाही राखणीला आहे. हा पोरगा आला त्या आठवड्यात सारखा ‘भोक, भोक’ म्हणून रडायचा. मावशीने त्याचा सदरा उलटापालटा करून भोक शोधलं, सापडेना. संध्याकाळी त्याच्या आईने खुणेने सांगितलं तेव्हा कळलं, त्यांच्यात भोक म्हणजे भूक. पोर दोन दिवस भुकेलं राहिलं आणि आम्ही सुईदोरा घेऊन बसलो होतो.

पहिला दिवस पडद्यावरच्या चित्रांत गेला. २०१६ च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार वाण्याच्या यादीसारखे वाचून दाखवले. एक गोष्ट मात्र उपयोगाची कळली. १९९५ च्या जुन्या कायद्यात स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती, नव्यात आहे. माझ्या कान दाबणाऱ्या पोराला नेमकं काय आहे ते डॉक्टर ठरवतील, पण ‘लाडावलंय’ हा शब्द मी त्या दिवशी टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून सभागृहात फिरवलं. बायका धडपडल्या, दोघी रडल्या. दुपारी एक ताई आल्या, त्या जन्मापासून दृष्टिहीन. सकाळचा प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, “घाबरलात ना? मी नाही घाबरत. मग तो खेळ कोणाबद्दल होता?” संस्थेच्या मॅडम गप्प झाल्या. १८०० पैकी हजार रुपये मी या एका प्रश्नाच्या नावावर लिहिते. पाच मिनिटांच्या पट्टीने आपल्याला आपली भीती कळते. न दिसणारं पोर चहाचा कप कसं शोधतं, पायरी कशी मोजतं, हे त्या ताईंनी तासभर करून दाखवलं. तेच सकाळी ठेवायला हवं होतं.

तिसरा दिवस सगळ्यांत चांगला. ‘मामाचं पत्र हरवलं’ घेतलं आणि विचारलं, या खेळाचा जीव कशात आहे? आम्ही म्हटलं, पळण्यात. मॅडम म्हणाल्या, पळणं काढून बघा. मग आम्ही बसूनच घसरत गोल फिरलो आणि तेवढंच हसलो. म्हणजे जीव पळण्यात नव्हता, पत्र कोणाच्या पाठीमागे पडलं या धाकधुकीत होता. तो जीव तेवढा राखायचा, बाकी खेळ पोराप्रमाणे बदलायचा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी गाण्याबरोबर सगळ्यांनी मांडीवर थाप द्यायची, म्हणजे ताल डोळ्यांना दिसतो.

जूनमध्ये मी तसंच केलं. मुलगी खूश, पहिल्यांदाच पत्र घेऊन फिरली. पण एकोणीस पोरांच्या थापांनी तो गलक्याला घाबरणारा मुलगा कान दाबून थेट पागोळ्यांखाली जाऊन उभा राहिला! एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं, आणि अशा वेळी काय करायचं याबद्दल सहा दिवसांत कोणी अवाक्षर काढलं नाही. युक्ती शेवटी मावशीने काढली. थापा नकोतच, सगळ्यांनी माडासारखं डुलायचं. डुलणं थांबलं की पत्र पडलं. आता तिघंही खेळतात.

चौथ्या दिवशी भाषा. पोराच्या घरचे पाच शब्द भिंतीवर लिहा, आईला वर्गात बोलवा, तिच्याकडून ते म्हणून घ्या. साधं आहे, पण मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं. आमच्या भिंतीवर पहिला शब्द ‘भोक’, खाली थाळीचं चित्र. मात्र घरच्या भाषेचा मान ठेवा असं सकाळी शिकवणाऱ्या बाहेरगावच्या मॅडम चहाच्या वेळी आमच्या गाववाल्या बोलण्याला हसल्या. मी तिथेच म्हटलं, “मॅडम, ही पण घरचीच भाषा.” त्यांनी माफी मागितली, म्हणून विषय संपला.

पाचवा दिवस पालकांशी बोलण्याचा, पण जेवणानंतर अर्ध्या तासात उरकला. ‘तुमच्या मुलीला डॉक्टरांकडे न्या’ हे आईला कसं सांगायचं, तेही सासू शेजारी बसलेली असताना, यासाठी अख्खा दिवस द्यायला हवा होता. पावसाचंही कोणाच्या डोक्यात नाही. निम्मे खेळ अंगणातले, आणि आपल्याकडे चार महिने अंगण कुठे असतं?

सहाव्या दिवशी ३५०० रुपयांचा प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा संच विकायला काढला. भिंतीवर बालशिक्षणाला आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा फोटो, खाली ही दुकानदारी. ताराबाईंनी १९४५ साली काम उभं केलं ते बोर्डीला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, आणि साधनं घेतली ती आजूबाजूची, बिया, शिंपले, पानं. पोर शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हाही त्यांचाच विचार. फोटोला हार घातला, पण यातलं काही कोणी सांगितलं नाही. माझ्याकडे करवंट्या, शिंपले आणि नारळाच्या शेंड्या आहेत. चिंचोके मी बंद केले, एकदा एकाच्या नाकात गेला होता.

नंतर महिन्याला फोन करू म्हणाले होते. व्हॉट्सॲपचा गट झाला, त्यावर सकाळी फुलं येतात.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे म्हणे. जाणार असाल तर त्या दृष्टिहीन ताई येणार आहेत का, हे आधी फोन करून विचारा. येणार असतील तर पैसे भरा, आणि सहाव्या दिवशी खुशाल घरी राहून भात झोडा.