साधा सपाट ब्रश: आषाढ ते चैत्र वापरून

वीस-पंचवीस रुपयांचा, सरळ दांडीचा, सपाट कापलेल्या मऊ केसांचा दात घासायचा ब्रश. मागं जीभ घासायचं रबर नाही, नागमोडी केस नाहीत, कोळशाचे काळे केस नाहीत. आषाढ ते चैत्र या काळात माणशी तीन लागले. दात घासले जातात ते केसांच्या टोकांनी आणि डोक्याच्या मापानं. बाकीची नक्षी पाकिटाची किंमत वाढवते.

पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेलं असलं तरी प्रत्येक कंपनीचा मऊपणा वेगळा निघतो. मऊ केस साधारण 0.15 ते 0.18 मिलिमीटर जाड असतो. दुकानात हे कोण मोजणार? पण घरी कोरडा ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. ओरखडल्यासारखं झालं तर टोकं नुसती कापलेली आहेत, घासून गोल केलेली नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून पाहिलं तर कापलेलं टोक तुराटीसारखं तिरकं दिसतं. आठवडी बाजारात सुटे मिळणारे बरेच ब्रश इथंच नापास होतात.

खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) डाग जावेत म्हणून पानठेल्यावरची मंडळी मुद्दाम ‘हार्ड’ मागतात आणि वरून राखुंडी नाही तर लाल मंजन चोळतात. डाग जरासा फिका होतो, पण हिरडीलगत दाताच्या मानेला आडवी खाच पडते. तिथलं कवच मुळात पातळ. ते झिजलं की गार पाण्याचा घोट घेताना कळ जाते. तो डाग दवाखान्यात सफाई करूनच काढायचा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथले पिवळे-तपकिरी पट्टे तर दात जबड्यात तयार होत असतानाच आत बसलेले असतात. कोणताही ब्रश ते काढत नाही; घासून दात मात्र झिजतो.

या ब्रशची खरी तक्रार डोक्याची. ते तीन सेंटिमीटरच्या वर लांब आहे आणि शेवटच्या दाढेच्या मागं पोचत नाही. जबडा लहान असेल तर सरळ मुलांचा ब्रश घ्यावा, त्यात कमीपणा नाही. खर्रा खाऊन ज्यांचं तोंड कमी उघडतं त्यांनाही तोच लागतो. मात्र आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर आधी डॉक्टर गाठावा, ब्रशचं नंतर पाहू.

पहिल्या दोन-तीन दिवसांत एखाददुसरा केस निघतो, ते चालतं. केसांचा झुपका मधोमध दुमडून पत्र्याच्या बारीक तुकड्यानं भोकात ठोकलेला असतो. अख्खा झुपका हलायला लागला तर ब्रश टाकून द्यावा. बाहेरची ओळ महिन्याभरातच फिसकारली तर दोष हाताचा. मुठीत धरल्यावर जोर येतोच, म्हणून पेनासारखा धरावा. केस हिरडीच्या कडेला 45 अंशांत टेकवून एका जागी आठ-दहा वेळा जागच्या जागी हलवावेत, मग पुढच्या दोन दातांवर जावं. खालच्या पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा. लाळेच्या ग्रंथी तिथं उघडतात, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथंच धरतं. एकूण दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री जेवणानंतर. दातांच्या फटीत अडकलेली सुपारी मात्र याच्यानं निघत नाही, त्याला दातांचा दोराच (फ्लॉस) लागतो.

पावसाळ्यात हाल झाले. 1938 साली नायलॉन येण्याआधी ब्रशला डुकराचे केस असत आणि ते लवकर वाळत नसत. नायलॉन वाळतं, पण झुपक्याच्या बुडाशी ओल राहतेच. न्हाणीतल्या बंद डब्यात ठेवलेल्या ब्रशच्या बुडाशी श्रावणात काळी बुरशी आली. घासून झाल्यावर तीनदा जोरात झटकून, डोकं वर करून, उघड्या गिलासात हवेशीर ठेवला की हा त्रास गेला. गिलासाचा तळही आठवड्यातून एकदा धुवावा. शेवाळ तिथूनच वर चढतं. फाल्गुन-चैत्रात उलटं: खिडकीत उन्हात ठेवलेली पारदर्शक दांडी मानेशी तडकली. मऊ रबराची पकड असलेल्या दांड्या तर उन्हानं चिकट होतात, त्यापेक्षा ही साधी बरी.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात आणि जड पाण्याच्या कोणत्याही गावात केसांच्या मुळाशी पांढरा खर धरतो. अर्धा कप पाण्यात अर्धं लिंबू पिळून डोकं अर्धा तास बुडवावं, मग चोळून धुवावं. उकळत्या पाण्यात घालू नये, केस वाकडे होतात.

तीन महिने झाले किंवा केस वाकले, जे आधी होईल तेव्हा बदलावा. वर्षाला माणशी चार, म्हणजे ऐंशी ते शंभर रुपये.

जुना ब्रश शिलाई मशीन नाही तर सायकलची साखळी साफ करायला कामी येतो. फवारणी पंपाच्या नोझलला तो एकदा लागला तर मात्र दांडीचं टोक कापून खूण करावी आणि वावरातल्या औषधांच्या पेटीतच ठेवावा, घरात परत आणू नये.