लोअरिंग स्प्रिंग घेताय? आधी डॅम्पर ठरवा

गाडी खाली घ्यायची म्हटलं की पहिली नजर जाते स्प्रिंगवर. किती मिलिमीटर खाली बसेल, चाकावरची फट किती भरेल, एवढंच विचारलं जातं. काही महिने रोज चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: आधी डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) ठरवा, मग त्याला साजेशी स्प्रिंग घ्या.

माझ्या हॅचबॅकला आयबाखची प्रो-किट ही लोअरिंग स्प्रिंग आणि बिल्स्टाइनचे बी8 डॅम्पर बसवलेत. बी6 आणि बी8 मध्ये बरेच जण गोंधळतात. बी6 मूळ उंचीच्या गाडीसाठी, तर बी8 आखूड, खास लोअरिंग स्प्रिंगसाठी. गाडी 30 मिमी खाली आली की डॅम्परची आत दबायची जागा जवळपास तेवढीच कमी होते. मूळ डॅम्पर तसेच ठेवले तर बंप स्टॉप (डॅम्पर पूर्ण दबू न देणारा रबरी अडथळा) लवकर लागतो आणि खड्ड्याचा दणका थेट बॉडीत येतो. शिवाय त्यांचा रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारा विरोध) मूळच्या मऊ स्प्रिंगच्या हिशेबाने ठेवलेला असतो. कडक स्प्रिंगला तो आवरत नाही, गाडी डुलत राहते.

मागच्या डॅम्परच्या दांड्याला मी केबल टाय बांधला होता. चालवून आल्यावर तो किती सरकला ते पाहायचं, म्हणजे डॅम्पर किती दबला ते कळतं. चार माणसं आणि सामान भरूनही बंप स्टॉपच्या आधी थोडी जागा उरत होती. मला सगळ्यात जास्त समाधान याचंच.

हायवेवर लेन बदलताना गाडी एका दमात स्थिरावते, मागून झोका येत नाही. हळू वेगात मात्र रस्त्यावरचे बारीक सांधेसुद्धा जाणवतात. घरात कुणाला पाठीचा त्रास असेल तर हे आधीच विचारात घ्या.

याहून खाली जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (डॅम्परच चाकाला वरून धरतो अशा सस्पेन्शनच्या) गाडीत चाकाला धरणारा खालचा आर्म चाकाकडे वर चढायला लागला की रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून जास्त खाली जातो आणि दोघांतलं अंतर वाढतं. मग दिसायला बसकी गाडीसुद्धा वळणावर कलायला बघते.

स्वतः सेटिंग फिरवून बघायची हौस असेल तर कोनीचे पिवळे डॅम्पर घ्या, त्यात रिबाउंड कमी-जास्त करता येतो.

फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर बुश (सांध्यातला रबर) कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. टॉप माउंट (डॅम्परचं वरचं टोक बॉडीला धरणारे भाग) जुने असतील तर त्याच वेळी बदला. स्प्रिंग बसल्या की अलाइनमेंट करा, कारण उंचीबरोबर टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बदलतात. हेडलाइटचा झोतही तेव्हाच तपासून घ्या.