‘हाय प्रोटीन, नो ॲडेड शुगर’ बार : वेष्टन उलटून केलेलं परीक्षण

प्रोटीन बारच्या पुढच्या बाजूला सहसा चार दावे झळकतात : हाय प्रोटीन, नो ॲडेड शुगर, हाय फायबर आणि ० ट्रान्स फॅट. या धाटणीच्या बारचं एक नमुना लेबल घेऊन ते चारही तपासू. वजन ६० ग्रॅम, ऊर्जा २५३ किलोकॅलरी, प्रोटीन १२ ग्रॅम, फॅट १२ ग्रॅम, कर्बोदकं २४ ग्रॅम (त्यात साखर १० आणि साखरेऐवजी वापरला जाणारा गोड घटक माल्टिटॉल ७), फायबर ६ ग्रॅम.

आधी प्रोटीन. १ ग्रॅम प्रोटीनमधून ४ किलोकॅलरी मिळतात, १ ग्रॅम फॅटमधून ९. म्हणजे या बारची ४८ किलोकॅलरी प्रोटीनची आणि १०८ फॅटची. प्रोटीनच्या नावाने विकला जाणारा हा पदार्थ ऊर्जेच्या हिशेबात आधी फॅटचा आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ‘हाय प्रोटीन’ लिहायचं तर किमान २० टक्के ऊर्जा प्रोटीनमधून यावी लागते. इथे ती १९ टक्के आहे. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं असेल तर प्रोटीनच्या ग्रॅमना २० ने गुणा. उत्तर एकूण किलोकॅलरीपेक्षा कमी आलं, तर तो बार या कसोटीत बसत नाही. इथे १२ गुणिले २० म्हणजे २४०, आणि ऊर्जा २५३.

‘दोन अंड्यांइतकं प्रोटीन’ ही जाहिरातीतली ओळ आकड्यापुरती खरी आहे. मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. पण दोन अंड्यांची ऊर्जा १४० ते १४५ किलोकॅलरी असते, आणि जाहिरात नेमकी तीच सांगत नाही.

प्रोटीन कुठून आलं हे त्याहून महत्त्वाचं, आणि खरी फसगत इथेच होते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘प्रोटीन ब्लेंड’च्या (प्रोटीनच्या मिश्रणाच्या) कंसात हायड्रोलाइज्ड कोलाजेन (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेलं प्रोटीन) पहिलं आलं असेल, तर १२ हा आकडा भरवशाचा नाही. कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे प्रोटीनच्या गुणवत्तेच्या मापनात एकट्या कोलाजेनला शून्य गुण मिळतात. शिवाय प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. कोलाजेनपासून बनणाऱ्या जिलेटिनसाठी खरा गुणक ५.५५ आहे. ६.२५ वापरला की कागदावरचं प्रोटीन सुमारे १३ टक्क्यांनी फुगतं. ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटिन असे सुटे घटक यादीत दिसले तरी सावध व्हावं, कारण त्यांचा नायट्रोजनही त्याच आकड्यात मोजला जातो. व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन), दूध किंवा सोया प्रोटीन पहिलं असेल तर ही शंका बरीच कमी होते.

‘नो ॲडेड शुगर’ हा चौघांतला सर्वांत वाईट दावा. घटकांत खजुराचा सिरप आणि सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असतं, आणि १० ग्रॅम साखर तिथून येते. जागतिक आरोग्य संघटना सिरप आणि रसाचं कॉन्सन्ट्रेट यांतली साखर मुक्त साखरेतच धरते. तिच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. रोजच्या २००० किलोकॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, त्यातले १० या एका बारमध्ये संपतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही साखरेच्या जागी असे गोड घटक वापरले तर हा दावा करता येत नाही. मधुमेह असलेल्यांनी पुढचे शब्द सोडून कर्बोदकांचा पूर्ण आकडा मोजावा. माल्टिटॉलनेही रक्तातली साखर वाढते, फक्त नेहमीच्या साखरेपेक्षा कमी.

माल्टिटॉलचा दुसरा त्रास पोटाचा. ७ ग्रॅम म्हणजे वजनाच्या जवळपास १२ टक्के. असे पॉलिऑल (माल्टिटॉलच्या गटातले गोड घटक) १० टक्क्यांहून जास्त घातले, तर अति सेवनाने जुलाब होऊ शकतात ही सूचना युरोपात छापावीच लागते. त्यात फायबर चिकोरीच्या मुळाच्या इन्युलिनचं असेल तर गॅसही होतो. एका दिवसात दोन बार खाल्ले की तक्रार सुरू होण्याची शक्यता बरीच.

फायबरचा दावा मात्र खरा. युरोपीय संघाच्या १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या कसोटीवर इथे १० ग्रॅम भरतं. लेबल वाचताना एवढं बघावं की काही देशांत फायबर कर्बोदकांतच धरतात, काही ठिकाणी वेगळं दाखवतात. दोन देशांतले बार शेजारी ठेवून तुलना केली की इथे चूक होते.

ट्रान्स फॅटचं शून्य सर्व्हिंगवर टिकतं. अमेरिकी नियमात एका सर्व्हिंगमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापता येतं. म्हणून सर्व्हिंग ‘अर्धा बार’ लिहिलेला असेल तर सगळे आकडे आधी दुप्पट करावेत, आणि घटकांत ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ हे शब्द शोधावेत, कारण ट्रान्स फॅट अशा तेलातून येतं. चॉकलेटसारख्या आवरणात पामकर्नल फॅट असेल तर संतृप्त फॅटची ओळही वाचायला हवी.

जेवण हुकणार असेल आणि जवळ दुसरं काही नसेल, तर भुकेपुरता हा बार चालेल. रोजच्या प्रोटीनसाठी घेऊ नये. घ्यायचाच तर २० च्या गुणाकारात बसणारा, व्हे किंवा सोया पहिल्या क्रमांकावर असलेला आणि पूर्ण बारमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असलेला निवडावा.