माणूस, यंत्र की आपलं रान बघणारा उपग्रह: सरकारी पैसा कुठं लावावा?

वादविवाद स्पर्धेत बाजू घ्यायची असेल, किंवा नुसतंच जेवताना मेव्हण्याशी भांडायला ठाम मत पाहिजे असेल, त्यांच्यासाठी हे लिहायलोय. आधी एक गोष्ट बाजूला काढू. आपल्याकडं हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आन् हे अंतराळात माणसं पाठवायलेत". टाळ्या पडतात या वाक्याला, पण हिशोबात ते टिकत नाही. 2025-26 च्या केंद्राच्या बजेटमधी अंतराळ विभागाला साधारण 13,416 कोटी होते, म्हणजे शंभर रुपयांतले सव्वीस पैसे. त्याच वर्षी आपल्या राज्यानं एकट्या लाडकी बहीणला 36,000 कोटी ठेवले. गगनयान, म्हणजे आपली माणसं अंतराळात न्यायची मोहीम, उद्या बंद केलं तरी त्यातला रुपया मांजरा धरणात येऊन पडणार नाही, पाण्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो आणि तो का अडतो याची कारणं श्रीहरिकोट्याला सापडत नसतात.

खरं भांडण त्या सव्वीस पैशांच्या आत आहे. तिथं तीन दावेदार: माणसाला वर नेणं, चंद्र-मंगळाकडं यंत्र पाठवणं, आणि पृथ्वीकडंच तोंड करून बसणारे उपग्रह. यातला कोणता पुढं न्यायचा ते ठरवा, बाकी सगळं भाषण आहे.

आता माणसाचं बघा. गगनयानाची घोषणा 15 ऑगस्ट 2018 ची, टार्गेट होतं 2022. मंजुरी साधारण दहा हजार कोटींच्या आतली होती, सप्टेंबर 2024 ला त्यातच अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरला आणि आकडा 20,193 कोटींवर गेला. माणसं बसवून उड्डाण आता 2027 म्हणतात. मिळणार काय, तर तीन माणसं, 400 किलोमीटर उंची, तीनेक दिवस आणि समुद्रात परत. कागदावर हे फार वाटत नाही, आणि इथंच विरोधी बाजूचा पोरगा उठून म्हणणार की चांद्रयान-3 ला 615 कोटी लागले, म्हणजे या पैशात तसली बत्तीस-तेहतीस यानं झाली असती, ती का नाही केली. आकडा बरोबर आहे, त्यावर अडखळू नका.

उत्तर वेगळ्या ठिकाणी आहे. सामान न्यायचं रॉकेट आणि माणूस न्यायचं रॉकेट यात फरक हा की दुसऱ्यात "फेल झालं तर" याची तयारी आधी करावी लागते. 21 ऑक्टोबर 2023 ला जी टेस्ट झाली ना, टीव्ही-डी1 नावाची, ती मुद्दाम याचसाठी होती, की रॉकेट वर जाताना बिघडलं तर माणसांची कुपी ओढून लांब न्यायची आणि पॅराशूटनं समुद्रात उतरवायची. त्या दिवशी पहिला काउंटडाउन शेवटच्या पाच सेकंदांत कॉम्प्युटरनंच थांबवला, कारण काढलं आणि थोड्या वेळानं उडवलं, पुढं नौदलानं कुपी समुद्रातून काढली. मला तर ते थांबणंच जास्त आवडलं. आतली हवा, दाब, ओलावा सांभाळायची यंत्रणाही बाहेरून मिळेना म्हणून घरीच करायला घेतलीय. हे शिकणं नुसती यंत्रं पाठवून होत नाही.

माणसाच्या बाजूनं सगळ्यात दणदणीत पुरावा मात्र चंद्राचा आहे. अमेरिकेनं माणसं उतरवली त्या अपोलोच्या सहा मोहिमांनी 382 किलो दगडमाती आणली, रशियाच्या तीन यंत्रांनी मिळून आणली साधारण 300 ग्रॅम. अपोलो 17 च्या दोघांनी तीन दिवसांत गाडी पळवून 35 किलोमीटर अंतर कापलं, आणि मंगळावरच्या ऑपर्च्युनिटी रोव्हरला (चाकांवर फिरणारं यंत्र) 45 किलोमीटर व्हायला चौदा वर्षांवर लागली. त्या अपोलोत हॅरिसन श्मिट नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता, त्यानं चालता चालता नारिंगी माती बघितली आणि थांबला. रोव्हर असा आपल्या मनानं थांबत नाही, आदेश पृथ्वीवरून जावा लागतो. अंतराळातली हबल दुर्बीण धूसर बघायलीय म्हटल्यावर 1993 ला माणसांनीच वर जाऊन दुरुस्त केली, हेही सांगा.

पण (परीक्षक हुशार असेल तर इथंच धरतो) हे सगळे फायदे माणूस कुठंतरी उतरल्यावर, नाहीतर हातानं काम केल्यावरचे आहेत. गगनयानात तीन दिवस घिरट्या घालण्यात यातलं काहीच मिळत नाही. म्हणजे अपोलोचा पुरावा गगनयानाला लावायचा असेल तर 2040 ला भारतीय माणूस चंद्रावर हे जे टार्गेट ठेवलंय, इथपर्यंतचा सगळा खर्च मान्य करावा लागतो, अर्धा रस्ता जाऊन फायदा पूर्ण मागता येत नाही. आणि जीवाचं मोल वेगळंच. चॅलेंजर आणि कोलंबिया या अमेरिकेच्या दोन यानांच्या अपघातांत मिळून चौदा माणसं गेली, कल्पना चावला त्यातल्याच. यंत्र पडलं की दोन दिवस हळहळ होते आणि पुढचं बनवायला घेतात, चांद्रयान-2 चं लँडर 2019 ला आदळलं आणि चार वर्षांत आपण परत जाऊन उतरलोच की.

यंत्रांबद्दल जास्त बोलत नाही, ती बाजू सगळ्यांना पाठ आहे. मंगळयान 450 कोटींत, आदित्य सूर्याकडं बघत बसलेलं. स्वस्त आणि विज्ञानाला सरळ उपयोगी. कमकुवत बाजू एवढीच की गावातल्या माणसाला दाखवायला त्यात फोटोशिवाय काही नसतं.

तिसऱ्या दावेदाराकडं मात्र आपण मराठवाड्यातल्यांनी जरा थांबून बघायला पाहिजे, कारण वादात त्याचं नावच कुणी घेत नाही. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूरकडं सोयाबीन पाण्यात उभं होतं, तलाठ्याची वाट बघत पंचनामे रखडले होते. त्या दिवसांत साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला वरून काय दिसणार, नुसते ढग. रडारचा उपग्रह ढगातून खाली बघतो. निसार, जो नासा आणि इस्रोनं मिळून 30 जुलै 2025 ला सोडला, तो दर बारा दिवसांनी त्याच रानावरून जातो, मातीतली ओल, साचलेलं पाणी, खचलेली जमीन मोजतो, डेटा फुकट. इस्रोचा त्यातला वाटा 788 कोटी. उपग्रहाचा डेटा तहसीलपर्यंत कधी येईल ते वेगळं भांडण, तिथं रॉकेटचा दोष नाही. पण पैसा कमी पडला तर आधी कुठं कात्री लागते ते अमेरिकेत दिसलं: 2025 ला त्यांच्या सरकारनं नासाच्या विज्ञानाचं खातं जवळपास निम्मं करायचं सुचवलं आणि चंद्र-मंगळावर माणूस नेण्याच्या खात्यात वाढ. काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, ते बरंचसं मानलं नाही, पण हात कुठं जातो ते तर कळलं.

स्पर्धेत जाणाऱ्यांना एक फुकटचा सल्ला, "टेफ्लॉन (न चिकटणाऱ्या तव्यावरचा थर) नासानं शोधलं" हे म्हणू नका, ते 1938 चं आहे, तेव्हा नासा नव्हतंच. असले फायदे मोजून माणसाच्या बाजूनं जिंकता येत नाही. विरोधात बोलणाऱ्यांनी आपला अंतराळ कार्यक्रम उभा करणाऱ्या विक्रम साराभाईंना आणावं, त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की श्रीमंत देशांशी चंद्राच्या नाहीतर माणसाच्या उड्डाणाच्या शर्यतीत उतरायचं स्वप्न आपलं नाही, आपल्याला लोकांचे प्रश्न सोडवायचेत. समोरचा म्हणणार तो काळ वेगळा होता. म्हणू द्या. आणि मूलभूत विज्ञानाला पैसा कमी पडतो असं कुणी म्हणालं तर हिंगोलीतल्या औंढ्याजवळचं लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपायची वेधशाळा, दाखवा, 2,600 कोटी मंजूर झालेत, तेही जमिनीवरच, आपल्याच दारात.

माझं मत विचाराल तर गगनयान पूर्ण करा. अर्धा स्वयंपाक टाकून उठण्यात शहाणपण नाही, आणि माणसाला सुखरूप परत आणणं एकदा जमलं की ती विद्या आपली. पण उपग्रहांच्या खात्यातून त्यासाठी एक रुपया वळवू नये, आणि हे बजेटमधी वेगळ्या ओळीत दिसावं, सगळं एकाच आकड्यात मिसळून ठेवलं की कुणाचं कुणाला गेलं ते कळतच नाही. भारतीय अंतराळ स्थानकाचे पाच भाग ठरलेत, 2035 पर्यंत पूर्ण करायचेत, आणि मंजुरी सध्या त्यातल्या पहिल्याच भागाला मिळालीय, तो 2028 ला सोडायचं ठरलंय. उरलेल्या चार भागांचा पैसा अजून मागायचाय, तेव्हा बाजू घ्यायचीच असेल तर गगनयानावर भांडत बसण्यापेक्षा या चार भागांवर घ्या, ती वेळ अजून गेलेली नाही.